नवी अल्पीन ए११० म्हणजे कपडे बदललेली हॅचबॅक नाहीये

आपल्या ठाण्याच्या गाडीवाल्यांमध्ये मेसेज फिरतोय की २०१७ ला आलेली अल्पीन ए११० (रेनॉच्याच अल्पीन ब्रँडची स्पोर्ट्स कार) म्हणजे रेनॉच्या हॅचबॅकवर त्याच नावाच्या जुन्या गाडीचं कवच चढवलंय. साफ चुकीचं आहे हे. १.८ लिटर टर्बो इंजिन रेनॉच्या दुसऱ्या गाड्यांतही आहे, तेवढंच खरं. सांगाडा आणि बॉडी ॲल्युमिनियमची, खास ह्याच गाडीसाठी केलेली, चारही चाकांना डबल विशबोन (चाकाला वर-खाली दोन आडव्या हातांनी धरणारं सस्पेन्शन), आणि इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे पण मागच्या ॲक्सलच्या पुढे, हॅचबॅकमध्ये ते बॉनेटखाली असतं हो! जुन्या ए११० चं इंजिन पार शेपटाला, बॉडी फायबरची, त्या हलकेपणाच्या जोरावर तिने १९७३ ची पहिली वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिप मारली. तोच हलकेपणा परत आणायला काय केलंय बघा, मागच्या ब्रेक डिस्कवर पार्किंग ब्रेकचं वेगळं कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) असतं ना, ते काढून मेन कॅलिपरमध्येच बसवलं, तेवढ्यात अडीच किलो वाचले, सीट एकेक १३ किलोची. म्हणून अख्खी गाडी ११०० किलोच्या आसपास. काल उपवनला एका पोराने तोच मेसेज दाखवला, तर टपरीवर चार कटिंगचे ग्लास चाकांसारखे मांडून, मध्ये काडेपेटी ठेवून त्याला इंजिनची जागा दाखवली, लगेच पटलं त्याला. प्लीज, तो मेसेज पुढे पाठवू नका.