वीस लाख कोटींची बेरीज कशी जमवावी

उद्या तुम्ही देशाचे अर्थमंत्री झालात आणि नेमकी त्याच वर्षी महामारी आली, तर अजिबात घाबरू नका. (आपण कसले अर्थमंत्री होतोय, असं म्हणू नका. राजकारणात कोणाचं काय होईल सांगता येत नाही.) पैसा आणायचा कुठून, हा प्रश्न नवख्यांना आधी पडतो. जाणत्यानं आधी आकडा ठरवावा. 12 मे 2020 रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी टीव्हीवर येऊन आकडा सांगितला : वीस लाख कोटी, म्हणजे जीडीपीच्या सुमारे दहा टक्के. तपशील अर्थमंत्री देतील म्हणाले. सालही वीस, लाख कोटीही वीस, हा योगही त्यांनी भाषणातच जुळवून दाखवला. असा मुहूर्त साधला की निम्मं काम झालंच.

उरलेलं निम्मं बेरजेचं. ती एका दिवसात उरकू नका. निर्मला सीतारामन यांनी 13 ते 17 मे असे सलग पाच दिवस घेतले. रोज इंग्रजीत, शेजारी बसलेल्या राज्यमंत्र्यांकडून हिंदीत. पाचव्या दिवशी बेरीज भरली 20,97,053 कोटी. म्हणजे कबूल केल्यापेक्षा 97,053 कोटी जास्तच. आता सांगा, मापात पाप कुठे आहे?

ही बेरीज भरते कशी, ते नीट समजून घ्या, कारण खरी कारागिरी तिथेच आहे. पहिलं म्हणजे रिझर्व्ह बँकेनं बँकांसाठी आधीच मोकळे केलेले 8,01,603 कोटी आपल्या खात्यावर मांडायचे. सरकारी तिजोरीशी त्यांचा संबंध नाही म्हणून काय झालं, देश तर एकच आहे ना! बँकांनी ते पैसे कर्जाऊ द्यावेत अशी अपेक्षा होती. बँका शहाण्या. 15 एप्रिलच्या एका दिवशी त्यांनी 6.9 लाख कोटी पुन्हा रिझर्व्ह बँकेतच रिव्हर्स रेपोत, म्हणजे व्याजावर, नेऊन ठेवले होते. पैसा सुरक्षित राहिला, हे महत्त्वाचं.

दुसरी बाब कर्जाची. मदत म्हणून कर्ज द्यावं, हे आपल्याकडच्या सावकारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. फक्त त्याला पॅकेज म्हणायचं कोणाला सुचलं नव्हतं. लघुउद्योगांसाठी 3 लाख कोटींचं विनातारण कर्ज जाहीर करा, हमी सरकारची. समजा, नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत एक जण चार लेथ टाकून बसलाय. ऑर्डर बंद, मोठ्या कंपनीकडे मागचं बिल अडकलेलं, दोन कामगार गावी गेलेले. तो बँकेत जातो. मॅनेजर विचारतो, 29 फेब्रुवारीला तुमच्यावर आमचं कर्ज किती होतं? तो अभिमानानं सांगतो, एक रुपयाही नाही, सगळा धंदा स्वतःच्या पैशावर उभा केला. झालं! त्या दिवशी शिल्लक असलेल्या कर्जाच्या वीस टक्के नवं कर्ज मिळणार, असा नियम. शून्याच्या वीस टक्के किती, हे त्याला लेथ न चालवताही कळतं. शेजारच्या गाळ्यातला, बँकेचं देणं डोक्यावर घेऊन बसलेला मात्र पात्र ठरतो. ऋण काढून सण करावा, हा धडा त्याला आधीच पाठ होता. आणि कर्ज घेऊन बनवलेला माल घ्यायला गिऱ्हाईक कुठून येणार, असले प्रश्न विचारणाऱ्यांना पत्रकार परिषदेत मागच्या रांगेत बसवा.

तिसरी बाब मला सगळ्यांत आवडते. लोकांना त्यांचेच पैसे द्या. पगारातून पीएफसाठी कापले जाणारे बारा टक्के तीन महिन्यांसाठी दहा करा. हातात चार पैसे जास्त येतात, म्हातारपणच्या पुंजीत तेवढेच कमी. पॅकेजमध्ये मांडा 6,750 कोटी. पगार सोडून बाकीच्या टीडीएसचे दर पाव हिश्शानं उतरवा. कर तेवढाच, भरायचा फक्त नंतर. मांडा 50,000 कोटी. पगाराची स्लिप हातात घेऊन कोणी म्हणालं की साहेब, हे तर माझेच होते, तर त्याला पॅकेजच्या नावातल्या आत्मनिर्भर या शब्दाकडे बोट दाखवा.

एवढं करूनही घोषणा अपुऱ्या पडल्या तर जुनं उकरा. जनावरांच्या लाळ्या-खुरकूत लसीकरणाचा कार्यक्रम आधल्या वर्षी सप्टेंबरात मथुरेत सुरू झाला होता. त्याचे 13,343 कोटी महामारीच्या पॅकेजच्या घोषणांत आले. गाईगुरांवर माझा राग नाही. मधमाश्यांवरही नाही, त्यांना 500 कोटी होते. रेशनकार्डाविना अडकलेल्या स्थलांतरित मजुरांच्या धान्यासाठी 3,500 कोटी. आणि ते मजूर हायवेच्या कडेनं पोरं खांद्यावर घेऊन चालत होते, त्याच आठवड्यात चौथ्या दिवशीच्या परिषदेत कोळसा, संरक्षण आणि अंतराळ खासगी क्षेत्राला खुले झाले. पायी जाणाऱ्याला निदान वर बघायला काहीतरी हवं.

नवीन खर्च किती, असं कोणी खोदून विचारेलच. अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा तिजोरीतून त्या वर्षी थेट जाणारा पैसा जीडीपीच्या एक टक्क्याच्या आसपास निघाला. दहा आणि एक यांच्यात फरक तो एका शून्याचा. शून्याला स्वतःची किंमत नसते, हे आपण शाळेतच शिकलोय.

थेट मदत अगदीच चुकवता येत नाही. तेव्हा वीस कोटी जनधन खातेदार बायकांना महिन्याला 500 रुपये द्या, तीन महिने. त्यासाठी त्या बँकेसमोर खडूच्या वर्तुळांत उन्हात उभ्या राहतील, पासबुक पदराखाली धरून. देताना दुसऱ्या हाताचंही भान ठेवा. पॅकेजच्या घोषणेआधी जेमतेम आठवडाभर पेट्रोलवरचा केंद्राचा कर लिटरमागे 10 रुपयांनी आणि डिझेलवरचा 13 रुपयांनी वाढवला होता. जगात कच्चं तेल मातीमोल झालेलं, त्यामुळे पंपावर लगेच कोणाला जाणवलं नाही. पुढे तेल महागलं तेव्हा परभणीच्या लोकांना जाणवलं, पण त्यांना काय, महाग पेट्रोलची सवयच आहे.

एक गोष्ट मात्र आधीपासून जपून ठेवा : विरोधकांच्या अपयशाचं एखादं स्मारक. 2015 साली लोकसभेत मनरेगाला असंच अपयशाचं जितंजागतं स्मारक म्हटलं गेलं होतं. पाच वर्षांनी गावी परतलेल्यांना काम देण्यासाठी तेच उपयोगी पडलं; 61,500 कोटींच्या तरतुदीत आणखी 40,000 कोटी घालावे लागले. हे पैसे खरे होते आणि फुकट धान्यही खरंच मिळालं, हे उपरोध बाजूला ठेवून सांगतो. या योजनेचं मूळ वि. स. पागे यांच्या आपल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेत आहे, हे तुम्ही भाषणात सांगायचं नाही. श्रेय वाटत बसलो तर आत्मनिर्भरता उरत नाही.

राज्यं पैसे मागायला येतील. जीएसटी आणताना पाच वर्षं नुकसानभरपाई देऊ, असं कायद्यात लिहून दिलेलं असेल, महाराष्ट्राची थकबाकीही मोठी असेल. अशा वेळी देव उपयोगी पडतो. 27 ऑगस्टला जीएसटी परिषदेनंतर महामारी ही देवाची करणी ठरली आणि राज्यांपुढे कर्ज काढण्याचे दोन पर्याय ठेवले गेले. हो, पुन्हा कर्जच! बऱ्याच ओढाताणीनंतर ते कर्ज केंद्रानं काढून राज्यांना दिलं. हा मोठेपणा जाहिरातीत घ्यायला विसरू नका.

नंतर अर्थव्यवस्था सावरली का, असं विचारलं तर कुठे बघायचं ते ठरवून ठेवा. एप्रिल ते जून 2020 मध्ये जीडीपी 23.9 टक्क्यांनी आक्रसल्याचा आकडा आला, तिकडे बघू नका. सेन्सेक्स मार्चमध्ये 26,000 च्या खाली होता, पुढच्या जानेवारीत त्यानं 50,000 ला हात लावला. तिकडे बघा. सातपूरच्या लेथवाल्याला मार्केट सावरलं म्हणून कळवा. तो आपल्या मार्केटचं समजेल.

दुसरी लाट आली तर दुसरं पॅकेज लागतंच. जून 2021 मध्ये ते 6,28,993 कोटींचं होतं. आधीची 3 लाख कोटींची हमी 4.5 लाख कोटी झाली आणि पर्यटनाला उभारी म्हणून पहिल्या पाच लाख परदेशी पर्यटकांना व्हिसा फुकट मिळणार होता. त्या दिवशी देशात पर्यटक व्हिसा देणंच बंद होतं. ते सुरू झालं ऑक्टोबरात.