शनी पळाला!

आकाशदर्शनाला दुर्बिणीपाशी उभं राहायचं काम मी बरीच वर्षं करतोय. शनी लावला की एक प्रश्न हमखास येतो: "काका, आत चित्र चिकटवलंय ना?"

मी वाद घालत नाही. दुर्बिणीला हात न लावता बघत राहा म्हणतो. आमची दुर्बीण साधी, मोटर नसलेली. बघता बघता शनी कडेला सरकतो आणि दिसेनासा होतो. "पळाला!" मग तो पळाला की आपण फिरलो, यावर रांगेतच भांडण जुंपतं. पृथ्वी फिरते हे त्यांनी परीक्षेत लिहिलेलं असतं, पण ती फिरताना प्रथमच पाहिलेली असते.

कार्यक्रम संपला की आयोजक विचारतात, किती मुलं आली? यातून शास्त्रज्ञ किती होणार, असंही कुणीतरी विचारतंच. अशा वेळी विजेवरच्या शोधांसाठी गाजलेल्या शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेचं नाव निघतं. बुकबाइंडरकडे उमेदवारी करणारा हा मुलगा 1812 मध्ये एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांवर रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांना गेला. टिपणं काढली, स्वतः बांधून डेव्हीला पाठवली आणि 1813 मध्ये त्याचा मदतनीस झाला. पुढे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत, 1825 साली सुरू झालेल्या मुलांसाठीच्या नाताळच्या व्याख्यानमालांपैकी 19 त्याने स्वतः दिल्या.

गोष्ट खरी आहे, पण मला तिच्यापेक्षा त्याच्यासमोर बसलेल्या बाकीच्या पोरांचं कुतूहल जास्त. मेणबत्तीवर बोलताना तो विझलेल्या वातीच्या धुराला काडी लावून दाखवायचा. वातीला न टेकताच ज्योत धुरावरून खाली उडी मारते, कारण जळते ती मेणाची वाफ. (करून बघा, मोठ्यांनीसुद्धा.) त्यातली बहुतेक मुलं शास्त्रज्ञ झाली नसणार. पण आपण काडी लावून बघू शकतो, एवढं तरी घरी घेऊन गेली असतील.

म्हणून स्टेजवर धूर सोडून टाळ्या घेणारे प्रयोग मला फारसे पटत नाहीत. मूल लांब खुर्चीत बसतं, हाताला काही लागत नाही. दुर्बीण एक आणि मुलं तीनशे, हाही त्यातलाच प्रकार. भाषणं कापा, मुलं कमी बोलवा, पण डोळा लावल्यावर निदान दोन मिनिटं द्या.

परवा एका मुलीने विचारलं, "कडी कशाची आहे?" मी तोंड उघडेपर्यंत तिचे बाबा म्हणाले, "चल, मागे रांग आहे." बर्फाचे तुकडे, असं मी मागून ओरडलो. ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.