डिमसम, मालवणी थाळी आणि नावं ठेवणारं गिऱ्हाईक

गेले काही आठवडे आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर डिमसमवरून जुंपली आहे. डिमसम म्हणजे चीनच्या कँटन भागातले छोटे, बहुतेक वाफवलेले पदार्थ. रत्नागिरीत एका कॅफेने ते बांबूच्या टोपल्यांतून द्यायला सुरुवात केली आणि भाचेकंपनी खूश झाली: चला, आपलं गावही सुधारलं. काकांचा पक्ष लगेच उभा राहिला. समुद्रावर आधीच चायनीजच्या गाड्यांचा सुळसुळाट, त्यात हे नवं खूळ. कोकणात येऊन माणसाने घावन खावं, सोलकढी प्यावी, बाकीचं सगळं बंद करा. दोन्हीकडून मला साक्षीला ओढलं, कारण मी 'तिकडची'.

तिकडची म्हणजे कॅनडातल्या लंडनची. (इंग्लंडातलं ते नव्हे, हे प्रत्येक लग्नकार्यात नव्याने सांगावं लागतं.) ऑन्टारिओ प्रांतातलं हे शहर, २०२१च्या जनगणनेत वस्ती सव्वाचार लाखांच्या आत. धड मोठं नाही, धड लहान नाही. अशा गावात सगळ्या देशांचं खाणं मिळतं आणि त्यातलं बरंचसं बेतास बात असतं. डिमसमचंही तेच. चकचकीत मेनूकार्ड, पानभर फोटो आणि वर 'दिवसभर डिमसम' अशी पाटी. ही पाटी दिसली की मी आत जात नाही. कँटनी लोक हे मुळात सकाळी खातात, चहाबरोबर, सगळं घर टेबलाभोवती बसून. दुपार कलली की कारभार आटोपतो. रात्री नऊला जे पुढ्यात येतं ते बहुधा फ्रीझरमधून थेट वाफेवर गेलेलं असतं.

'हार गाव' हे कोळंबीचं डिमसम मागवलं की स्वयंपाकघराची परीक्षा होते. कोळंबीचं सारण आणि वर गव्हाच्या स्टार्चचं आवरण, त्यात थोडा टॅपिओकाचा स्टार्च. पिठावर उकळतं पाणी ओतायचं, गरम आहे तोवर मळायचं, रुंद सुरीच्या पात्याने दाबून पातळ चकती करायची आणि कडेला चुण्या घालत मिटायची. चुण्या सात तरी हव्यात, हात बसलेला असेल तर दहाच्या पुढे. वाफेतून निघाल्यावर आतली कोळंबी गुलाबी दिसायला हवी. उचलताना आवरण फाटलं किंवा खालच्या कागदाला चिकटून राहिलं, की खेळ संपला.

उकडीचे मोदक करणाऱ्या बाईला यातलं काही शिकवावं लागत नाही. एकदा मी लंडनमधल्या हॉटेलातल्या टोपलीचा फोटो वहिनीला पाठवला. तिचं उत्तर लगेच आलं: "ताई, उकड मळलेली नाही हो नीट. कडेला चिरा गेल्यात, बघा." खरंच गेल्या होत्या. हॉटेल भरलेलं होतं, आणि हे बोलून दाखवणारं माणूस तिथे एकही नव्हतं. सगळे टोपलीचे फोटो काढत होते. मीसुद्धा.

चांगलं डिमसम हवं तर आम्ही ४०१ हायवे धरतो आणि टोरांटोच्या पूर्वेकडच्या स्कारबरोला किंवा शेजारच्या मार्कमला जातो. १९९७ साली हाँगकाँग चीनच्या ताब्यात जाणार हे ठरल्यावर तिथून लाखो माणसं बाहेर पडली, त्यातली पुष्कळ कॅनडात आली. पाठोपाठ आचारी आले, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आज्या आल्या. रविवारी सकाळी तिथल्या हॉलमध्ये बसलं की कळतं. किटलीतलं पाणी संपलं की आज्जी झाकण तिरकं करून ठेवते, म्हणजे भरून आणा. कोणी चहा ओतला तर दोन बोटं टेबलावर टकटक वाजवायची, म्हणजे आभार. आणि मुळ्याच्या वडीची कड कुरकुरीत नसली तर ती वडी परत जाते, चारचौघांत, मोठ्या आवाजात. माझ्या मते त्या हॉलचा खरा मुदपाकी ही आज्जी आहे. आचारी काय, जास्त पगार दिला तर आमच्या लंडनलाही येईल. आज्ज्या येणार नाहीत.

आता याच नजरेने रत्नागिरीकडे बघा. ब्रिटिशांनी ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा १८८६ साली इथे आणून ठेवला. तो १९१६ साली इथेच वारला. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा आज पर्यटकांना दाखवतात. इतकी वर्षं एक अख्खं राजघराणं गावात राहिलं, पण बर्मी खाण्याचा मागमूस मला शहरात कधी दिसलेला नाही. राजा असून उपयोग नाही. तेच जेवण रोज जेवणारी दोन-चार आळ्या भरतील इतकी माणसं लागतात.

म्हणून काकांच्या पक्षाला माझा प्रश्न वेगळा आहे. चायनीजच्या गाडीने मालवणी जेवण बिघडवलं असं तुम्ही म्हणता, पण तुम्ही स्वतः गावातल्या हॉटेलात मालवणी थाळी शेवटची कधी खाल्लीत? कोणीच खात नाही. आपण घरी बांगड्याचं तिखलं करतो, तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं करतो, मांदेली तळतो आणि बाहेर जायचं ठरलं की पनीर नाहीतर नूडल्स मागवतो. थाळी उरते शनिवारी गाडी घेऊन आलेल्या पुण्या-मुंबईच्या माणसाला. त्याला सुरमई आणि पापलेट सोडून तिसरं नाव ठाऊक नसतं आणि तो पुन्हा त्या हॉटेलात येईलच असं नाही. मग सगळ्या माशांना एकच वाटण, कोकमाच्या आगळाऐवजी तयार पावडरची सोलकढी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात बंदी असते, तरी पावसाळ्यात फलकावर 'ताजी सुरमई' झळकते. ती बर्फातली आहे हे मिरकरवाडा बंदरातलं शेंबडं पोरही सांगेल. पण ते त्या टेबलावर बसलेलं नसतं.

गाडीवरच्या शेजवान राइसला मात्र ठेवायची ती नावं रोज ठेवली जातात. कॉलेजची पोरं, रिक्षावाले, बँकेतून सुटलेली मंडळी. जरा तिखट कमी पडलं की उद्यापासून शेजारची गाडी. तो पदार्थ चिनी नाही हे जगजाहीर आहे, पण आपला म्हणून तो बऱ्याचदा फक्कड असतो. गाड्या हटवून थाळी सुधारणार नाही. काकांनी महिन्यातून दोनदा सहकुटुंब हॉटेलात जाऊन तिसऱ्या मागवल्या आणि कचकच लागली तर परत पाठवल्या, तर सुधारेल.

भाच्यांनाही सांगायचं आहे. त्या कॅफेतलं डिमसम कसं असेल ते मला न खाता साधारण कळतं, कारण तिथे बसलेल्यांपैकी कोणाच्या आजीने ते केलेलं नाही. वाफवलेलं, सारण भरलेलं चांगलं काही रत्नागिरीत खायचंच असेल तर नेपाळी माणसांना विचारा. हापूसच्या बागांमध्ये राखणीला आणि फवारणीला तेच, होड्यांवर खलाशी म्हणून तेच. गेल्या मे महिन्यात आमच्या चुलतभावाच्या बागेत राखणदाराच्या बायकोने कोबी आणि कोंबडीचे मोमो केले होते. मोमो म्हणजे डिमसम नव्हे, आवरण मैद्याचं आणि परंपरा हिमालयातली. पण पारी मध्ये जाड, कडेला कागदासारखी, चावल्याबरोबर आत रस, आणि सोबत भाजलेल्या टोमॅटोची तिळाची चटणी. तिचा नवरा खाता खाता तिला मीठ कमी झाल्याचं सुनावत होता. त्यावरून ओळखावं.

पण ग्रुपवर हे लिहिलं तर गाडी भलतीकडेच गेली. नेपाळी फार झालेत, त्यांच्या नोंदी कोण ठेवतं, उद्या दुकानं टाकतील. ही वाक्यं मला पाठ आहेत. इथे कॅनडात ती इंग्रजीत ऐकू येतात आणि त्यात 'नेपाळी'च्या जागी 'भारतीय' असतं. २०२४मध्ये कॅनडाने परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली तेव्हापासून तर जास्तच. फरक इतकाच की भारत-नेपाळ १९५०च्या करारामुळे नेपाळी माणसाला आपल्याकडे राहायची, धंदा करायची मुभा आहे. माझ्या वाट्याला इथे कागदांच्या रांगा आल्या.

आंब्याचा सीझन आटोपला की या नेपाळी मंडळींतले बरेच जण गावी जातात. दादाला मी सुचवलंय, स्टँडजवळचा आपला गाळा रिकामाच पडलाय, तो राखणदाराच्या बायकोला ऑक्टोबरपासून भाड्याने दे. तो म्हणाला, चालेल, पण पर्यटक इतक्या आत येतील का? म्हटलं, न आले तर उत्तम. आधी खलाशी येऊ देत.