'पक्क्या घराला अर्थिंग नको' : फिरत्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

पावसाळ्याच्या तोंडावर सातारा-सांगलीकडच्या बांधकामाच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: 'सिमेंट, वीट, टाइल हे विजेचे दुर्वाहक. त्यामुळे पक्क्या आरसीसी घरात अर्थिंग (उपकरणांच्या पत्र्याची जमिनीशी तारेने जोडणी) म्हणजे फुकटचा खर्च. आयएसआय मार्कची वायर घ्या, चांगली एमसीबी (जादा प्रवाहाला आपोआप पडणारा स्विच) बसवा, काम झालं. अर्थिंग हवंच असेल तर सॉकेटमध्येच न्यूट्रलला जोडून घ्या. आरसीसीबी (विजेच्या गळतीला पडणारा स्विच) उगाच पडते, ती काढून टाका. पुरात भिजलेले बोर्ड उन्हात वाळवले की पुन्हा चालतात.' वाचायला सोपं आणि पैसे वाचवणारं, म्हणूनच ते पुढे ढकललं जातं. यावर विश्वास ठेवून कुणी गिझर लावू नये, एवढ्यासाठी हे उत्तर.

'सिमेंट, वीट, टाइल दुर्वाहक.' कोरडं असेपर्यंत बऱ्याच अंशी खरं. पण काँक्रीट आतून बारीक छिद्रांचं जाळं असतं, आणि त्या छिद्रांतल्या पाण्यात सिमेंटचे क्षार विरघळलेले असतात. हे खारं पाणी वीज चांगली वाहतं. ओल्या काँक्रीटची रोधकता (पदार्थ वीज किती अडवतो त्याचं माप) ३० ते १०० ओहम-मीटरपर्यंत उतरते, म्हणजे ओलसर मातीच्या जवळपास. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या ॲरिझोनात, कोरड्या जमिनीत रॉड ठोकून चांगलं अर्थिंग मिळेना, तेव्हा हर्बर्ट उफर यांनी पायाच्या काँक्रीटमधल्या सळयाच अर्थ इलेक्ट्रोड, म्हणजे वीज जमिनीत उतरवणारा धातू, म्हणून वापरल्या. आपल्या अर्थिंगच्या मानकातही, म्हणजे आयएस ३०४३ मध्ये, पायातल्या सळयांचा असा उपयोग मान्य आहे. ज्या काँक्रीटचं अर्थिंग होतं, त्यावर ओल्या पायांनी उभं राहिलेल्या माणसाला ते वाचवणार कसं?

विटेची गोष्ट वेगळी नाही. खार फुटलेली, पोपडे सुटलेली भिंत म्हणजे क्षार आणि ओल दोन्ही आत आहेत. महाबळेश्वर, जावळी, पाटण पट्ट्यात पश्चिमेकडच्या भिंती पावसाळाभर अशाच असतात. कन्सील पाइपातल्या वायरचं इन्सुलेशन खिळ्याने किंवा ड्रिलने दुखावलं असेल, तर उन्हाळ्यात काही कळत नाही आणि जुलैत भिंतीला हात लावला की झिणझिण्या येतात. लाकडाचंही तेच: सुतारांकडचं ओलावा मोजायचं पिनांचं मीटर लाकडाचा विद्युत रोध मोजूनच ओल सांगतं. व्हिट्रिफाइड टाइल मात्र पाणी जवळजवळ पीत नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पण बाथरूममध्ये तिच्यावर पाण्याचा थर असतो, सांध्यांत ग्राऊट (फटी बुजवायचा भराव) असतं आणि पाण्याचा तो थर थेट सांडपाण्याच्या जाळीपर्यंत पोचतो. साधं काळं रबर अंथरण्याचा सल्लाही सोबत दिला जातो. काळ्या रबरात कार्बन मिसळलेला असतो आणि त्याचं प्रमाण जास्त असेल तर ते रबर वीज वाहतं. पॅनेलसमोर घालायची चटई आयएस १५६५२ या मानकाची असावी लागते.

ओल्या अंगाचा रोध साधारण १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला शरीरातून २३० मिलिॲम्पिअर जातात. १० मिलिॲम्पिअरच्या आसपास पकडलेली वस्तू सोडवत नाही, आणि ३० च्या वर प्रवाह वाहत राहिला तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो.

'एमसीबी बसवा, काम झालं.' हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज, म्हणून इथे जरा थांबू. एमसीबी वायरला वाचवते, माणसाला नाही. सी-१६ प्रकारची, म्हणजे १६ ॲम्पिअरची, एमसीबी क्षणात पडायला ८० ते १६० ॲम्पिअर लागतात. माणसाच्या शरीरातून जाणारा पाव ॲम्पिअर तिच्या गावीही नसतो. अर्थिंग असलं की ती पडेलच, असंही नाही. गावाकडे खांबावरून घरात फेज (वीज आणणारी) आणि न्यूट्रल (परत नेणारी) या दोनच तारा येतात. गिझरच्या बॉडीवर फेज आला, तर प्रवाह तुमच्या अर्थिंगच्या खड्ड्यातून (जिथे अर्थचा पाइप पुरलेला असतो) जमिनीत उतरून ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगपर्यंत जातो. खड्ड्याचा रोध ५० ओहम असेल तर वाहतात फक्त ४.६ ॲम्पिअर. १६ ची एमसीबी वर्षभरही पडणार नाही. मीटरवर तासाला एक युनिट जमिनीत जात राहील. आणि सगळी अर्थ वायर एकच असल्याने गिझरमधला दोष फ्रिजच्या दारावर आणि वॉशिंग मशीनच्या पत्र्यावरही येऊन बसेल.

खड्ड्याचा रोध मातीवर ठरतो. अडीच मीटर लांब, ४० मिलिमीटर व्यासाच्या पाइपाचा रोध काढायला मातीची रोधकता ०.३५ ने गुणा. कृष्णाकाठची ओली काळी माती १० ओहम-मीटर धरली तर साडेतीन ओहम. मुरमाला १०० धरली तर ३५. डोंगराकडच्या कोरड्या खडकात १००० धरली तर ३५०. काळ्या मातीतही गाफील राहू नका. ती उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात आणि पाइपाशी तिचा संपर्क सुटतो. म्हणून रोध मे महिन्यात मोजावा, ऑगस्टमध्ये नाही. मीठ-कोळशाच्या थरांनी सुरुवातीला रोध उतरतो, पण मीठ पावसागणिक वाहून जातं आणि जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप खातं. बेंटोनाइट ही चिकणमाती ओल धरून ठेवतं आणि टिकतं. इलेक्ट्रोड भिंतीपासून किमान दीड मीटर दूर ठेवा.

फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब पेटवून 'अर्थिंग एक नंबर' म्हणायची पद्धत सोडायला हवी. तो बल्ब अर्धा ॲम्पिअरही घेत नाही. ५० ओहमच्या खड्ड्यावर जेमतेम २० व्होल्ट पडतात आणि बल्ब डोळ्यांना पूर्ण पेटलेलाच दिसतो. तीन खुंट्यांच्या अर्थ टेस्टरने मोजणं हाच उपाय.

'न्यूट्रललाच अर्थ जोडा.' कधीही नाही. बाहेरचा न्यूट्रल वादळात तुटला, की चालू असलेल्या बल्बमधून किंवा पंख्यामधून फेज त्या जोडापर्यंत येतो आणि तिथून सगळ्या बॉड्यांवर. खांबावर दुरुस्ती करताना फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली, तर बल्बचीही गरज उरत नाही.

'आरसीसीबी उगाच पडते.' ती उगाच पडत नाही. फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने परत आला नाही, तो कुठेतरी जमिनीत मुरतोय, हे ती सांगते. घरगुती जोडणीला ३० मिलिॲम्पिअरची हवी. वरचा हिशेब इथे उलटून पाहा: बॉडीवर जास्तीत जास्त ५० व्होल्ट येऊ द्यायची मर्यादा धरली, तरी ३० मिलिॲम्पिअरसाठी १६०० ओहमचं अर्थिंगही चालून जातं. खडकाळ जमिनीवरच्या घराला खरा आधार तीच देते. तिच्या मर्यादाही माहीत हव्यात. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला तर ती पडणार नाही. ओव्हरलोडही ती ओळखत नाही, म्हणून एमसीबी सोबत लागतेच. इन्व्हर्टर एसी किंवा नव्या वॉशिंग मशीनसाठी 'एसी' प्रकाराच्या आरसीसीबीऐवजी 'ए' प्रकारची घ्या.

पडत असेल तर कारण शोधा. सगळ्या एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवा. ज्या एमसीबीला पडेल, त्या लाइनवर दोष. सगळ्या खाली असतानाही पडत असेल, तर न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकलेला असू शकतो, कारण एकेरी एमसीबी न्यूट्रल तोडत नाही. तेव्हा प्लग उपसा आणि न्यूट्रल एकेक करून सोडवा. इन्व्हर्टर असलेल्या घरात बहुतेक वेळा त्याचा न्यूट्रल आरसीसीबीच्या दोन्ही बाजूंच्या लाइनींना एकत्र बांधलेला निघतो. तो वेगळा करा. बरेच दिवस बंद असलेला गिझर चालू केल्यावर पडत असेल, तर कॉइलमधल्या मॅग्नेशियम ऑक्साइडच्या पुडीने हवेतली ओल शोषलेली असते. गोठ्यातल्या मोटरला आणि कडबाकुट्टीला तर ३० मिलिॲम्पिअरची स्वतंत्र आरसीसीबी द्याच. जनावराच्या शरीराचा रोध माणसापेक्षा कमी, पाय उघडे आणि जमीन कायम ओली.

'आयएसआय मार्कची वायर घ्या.' हा सल्ला चांगला, पण अर्धवट. मार्कच्या वर आयएस क्रमांक (वायरसाठी ६९४) आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. तो भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर टाकला की कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे का ते दिसतं. नुसतं 'सीई' छापलेलं असेल तर ती युरोपातली खूण आहे, आयएसआयच्या जागी चालत नाही. ९० मीटरच्या २.५ चौरस मिलिमीटर कॉइलमध्ये साधारण दोन किलो तांबं असतं आणि तिचा रोध ०.७ ओहमच्या आसपास येतो. मल्टिमीटरच्या पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा आधी वजा करा. एक ओहमच्या पुढे गेला, तर तांबं कमी आहे किंवा आत ॲल्युमिनियम आहे.

मार्क त्या वायरला असतो, तुमच्या फिटिंगला नाही. तीच अस्सल वायर १ चौरस मिलिमीटरची घेऊन ३ किलोवॅटच्या गिझरला लावली, तर १३ ॲम्पिअरने ती पाइपात तापत राहते. गिझरला २.५ ची वायर, तेवढीच अर्थ आणि १६ ॲम्पिअरचं सॉकेट.

राहिला पुराचा मुद्दा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. अशा पाण्यातून निघालेल्या स्विचात आणि एमसीबीत गाळाचा बारीक थर बसतो. ऊन पाणी उडवतं, गाळातले क्षार तिथेच ठेवतं. पुन्हा दमट हवा आली की ते ओल धरतात आणि गळती सुरू होते. एमसीबीची स्प्रिंग आणि आरसीसीबीची नाजूक यंत्रणा गंजून अडकली, तर ऐन वेळी ती पडणारच नाही. बुडालेल्या एमसीबी, आरसीसीबी, स्विच, सॉकेट बदलाच. वायरिंग मात्र तपासून ठेवता येतं. मेन बंद, सगळे प्लग आणि बल्ब काढलेले, मग ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजायच्या यंत्राने) फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ आणि फेज-न्यूट्रल मोजा. किमान एक मेगओहम हवा. आकडा लिहून ठेवा आणि चार दिवसांनी पुन्हा घ्या. वाढला असेल तर पाइप वाळतोय. तिथेच अडकला किंवा घसरला, तर ती वायर ओढून काढा आणि नवी टाका.