‘नाही’ म्हणणारे शेल

यंत्राला वीज मिळाल्यापासून लिनक्स जागे होईपर्यंतचा कारभार आमच्याकडे यू-बूट हा बूटलोडर पाहतो. त्याच्या पोटात बिझीबॉक्स या छोट्या साधनांच्या संचातून आणलेले हश नावाचे छोटे शेल, म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम, आहे, आणि माझा सगळा छळ तेच करते.

युनिक्सच्या रिवाजाप्रमाणे आज्ञेने काम झाले तर 0 परत द्यायचा आणि फसले तर दुसरा कोणताही आकडा. आज्ञाच सापडली नाही, तर पॉझिक्स या युनिक्सच्या मानकाने खास 127 राखून ठेवला आहे. यू-बूट मात्र अनोळखी आज्ञेलाही 1 देते, आणि फाइल न सापडल्यावरही 1 देते. ऐकू कमी येणाऱ्या काकांना काहीही विचारले तरी ते ठामपणे ‘नाही’ म्हणतात, तसा हा प्रकार आहे.

आमच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे शेलला दिलेल्या आज्ञांच्या यादीत, ‘साइझ’ ही आज्ञा सेटिंग्जच्या फाइलचा आकार विचारत असे आणि उत्तर नकारार्थी आले, की सगळ्या सेटिंग्ज पुसून नव्याने लिहीत असे. एरवी हे रास्तच होते. पुढे बोर्डच्या नव्या आवृत्तीत जागा वाचवण्यासाठी कोणीतरी ‘साइझ’सकट काही आज्ञा वगळून बूटलोडर बांधला. यू-बूटमध्ये बहुतेक आज्ञा अशा एकेक करून वगळता येतात, ही त्याची सोय आणि माझे दुर्दैव. त्या दिवसापासून ग्राहक रोज संध्याकाळी यंत्र बंद करी आणि रोज सकाळी ते नवजात बालकासारखे कोरे उठे. ‘अननोन कमांड’ अशी ओळ शेल प्रामाणिकपणे छापत होते. पण ती सिरियल कन्सोलवर, म्हणजे तारा जोडल्यावरच दिसणाऱ्या पडद्यावर, आणि ग्राहकाच्या कारखान्यात यंत्राच्या पाठीला तीन तारा जोडून सेकंदाला 115200 बिटांच्या वेगाने ती वाचत बसण्याची हौस कोणाला असणार? वरिष्ठांनी दोष मेमरी कार्डाला दिला, खरेदी विभागाने विजेला, आणि कार्डे बदलून झाली तरी यंत्राचा विसराळूपणा तसाच राहिला.

अखेर तोडगा सापडला, तो यू-बूटच्याच ‘हेल्प’ या आज्ञेत. ‘हेल्प साइझ’ असे विचारले, तर माहीत असलेल्या आज्ञेसाठी 0 येतो आणि नसलेल्यासाठी 1. म्हणून आता आमची स्क्रिप्ट प्रत्येक वेळी आधी मदतीचे पान छापून घेते आणि मगच पुसापुशीचा विचार करते. ‘हेल्प’ ही आज्ञाही उद्या कोणी कापून टाकली तर, हा विचार मला परवा सुचला. तसे झाले, तर तिचे उत्तरही अर्थातच 1 असेल.