एक किलोचे गुलाबी डंबेल आता खाली ठेवा

काल सकाळी इथे बडोद्यात कमाटीबागेत शेजारच्या वहिनी भेटल्या. दीड महिना रात्रीचं जेवण बंद आहे, चार किलो उतरलं म्हणाल्या. पण जिना चढताना मांड्या थरथरतात. घरी आले तरी ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

चार वर्षं मीही त्याच बागेत रोज चाळीस मिनिटं चालत होते. चालणं चांगलंच, हृदयाला, साखरेला, मनालासुद्धा. तरी सत्तेचाळिसाव्या वर्षी माझी कंबर ३८ इंच होती आणि गॅसचा भरलेला सिलिंडर सरकवायला मुलाला हाक मारावी लागे. एका जिममध्ये बायकांच्या बॅचला गेले, तर हातात एक-एक किलोचे गुलाबी डंबेल दिले. सिलिंडर जवळजवळ ३० किलोचा असतो हो!

नुसतं कमी खाल्लं की वजन उतरतं, पण उतरलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा चरबीचा नसतो, त्यात स्नायूही जातात. तिशीनंतर ते तसेही झिजतच असतात आणि पाळी थांबण्याच्या काळात बायकांना ते जास्तच जाणवतं. पोट कमी करायचं तर थोडं कमी खावंच लागतं, त्याला पर्याय नाही. पण त्याच वेळी स्नायूंना जड काम दिलं नाही तर शरीर त्यांनाही मोडीत काढतं. वहिनींच्या मांड्यांचं तेच झालं असावं.

आता मी आठवड्यातून दोनच दिवस जिमला जाते, प्रत्येक वेळी चाळीस मिनिटं. लेग प्रेस (पायांनी वजन ढकलणं), डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून उभं राहणं), चेस्ट प्रेस (छातीपासून वजन ढकलणं), केबल रो (दोरीला जोडलेलं वजन स्वतःकडे ओढणं), खांद्याचा एक प्रकार. आधी हलक्या वजनाने अंग गरम करायचं, मग प्रत्येकाचा एकच खरा सेट, म्हणजे न थांबता केलेल्या उचलींची एक फेरी. वजन असं की आठ-दहा वेळांनंतर पुढची उचल नीट होणारच नाही. खाली आणताना सावकाश, श्वास न कोंडता. आमचे सर शेवटाला ‘हजु बे, बेन!’ (अजून दोन, ताई!) म्हणतात आणि खरं काम त्या दोनांतच होतं. डेडलिफ्टला मात्र मी एक-दोन उचली शिल्लक ठेवते. थकल्यावर पाठ वाकली तर दुखापत ठरलेली. बीपी असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

ही पद्धत काही नवी नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत आर्थर जोन्स यांनी आपल्या नॉटिलस नावाच्या व्यायामाच्या मशीनांबरोबर ती पसरवली. पुढे याच वळणाने तयारी करणारे डोरियन येट्स शरीरसौष्ठवाच्या मोठ्या स्पर्धेत सहा वेळा मिस्टर ऑलिंपिया झाले. आपल्याला तसलं शरीर नको आहे, आणि काळजी नको, बायकांचं ते चुकून होतही नाही. सरावलेल्यांना आणखी सेटचा फायदा होतो, पण सुरुवातीला एक मनापासून केलेला सेट खूप झाला.

खाण्यात मला सगळ्यात कठीण गेलं ते प्रथिनांचं. किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास हवीत आणि वाटीभर वरणात सहा-सातच ग्रॅम असतात. आमचं घर शाकाहारी. म्हणून पनीर, सोयाबीनच्या वड्या, मोडाची उसळ, चक्का. सेव-उसळ रविवारी खातेच, फक्त सेव मूठभर आणि पाव एक.

पहिल्या अडीच महिन्यांत वजन जेमतेम किलोभर उतरलं. कंबर मात्र दोन इंच कमी झाली होती! वजनकाट्यावर विसंबले असते तर तिथेच सोडलं असतं. आज दहा महिन्यांनी ७१ ची ६७ किलो झाले, कंबर ३४ आणि डेडलिफ्ट २० वरून ६० किलोवर.

गामा पैलवानांनी १९०२ साली उचललेला दगड याच कमाटीबागेतल्या संग्रहालयात आहे. आमचे आजोबा जुम्मादादा व्यायाम मंदिरात जात, काकाही जात. ताकदीचा एवढा मान असलेल्या या बडोद्यात आमच्या घरातल्या बायकांच्या वाट्याला मात्र त्यांच्यासाठी बदाम भिजत घालणंच आलं. याचं मला फार वाईट वाटतं.

वहिनी, मंगळवारी सकाळी साडेसहाला निघते. खाली फाटकापाशी थांबेन. काहीतरी खाऊन या.