माळभिंगरी कोकणात पिल्ले वाढवत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

माळभिंगरी हा छोटा पक्षी कोकणात फक्त हिवाळी पाहुणा म्हणून येतो, इथे पिल्ले वाढवत नाही, असे मी माझ्या लेखात लिहिले होते. त्या लेखाखाली आपण लिहिले आहे की, ‘आमच्या खाडीवरच्या पुलाखाली भर पावसात भिंगऱ्यांची पिल्ले दिसतात, तेव्हा त्यांना हिवाळी पाहुणी म्हणणे हे घरबसले पुस्तकी पांडित्य आहे.’ शंका रास्त आहे. ती विचारण्यासाठी माझे पांडित्य काढण्याची मात्र गरज नव्हती, आणि ‘घरबसले’ हा शब्द तर मला मुळीच मान्य नाही.

मी गुहागर तालुक्यात वाढलो. भातकापणीच्या सुमारास खळ्यावरच्या विजेच्या तारा या पक्ष्यांनी भरलेल्या असत आणि कापणी झालेल्या शेतांवर ते गुडघाभर उंचीवरून किडे टिपत फिरत, हे मी वडिलांच्या शेजारी उभे राहून पाहिले आहे. पुस्तक हातात आले ते त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. एप्रिल सरता सरता त्या तारा मोकळ्या होत, हेही मी तिथेच पाहिले.

आता आपल्या पुलाकडे येतो. पाण्यालगत, पुलाच्या पोटाला चिखलाचे अर्ध्या वाटीसारखे घरटे करणारी भिंगरी बहुधा तारवाली भिंगरी या दुसऱ्या जातीची असते. तिचा माथा तांबूस, गळ्यापासून पोटापर्यंतचा सगळा भाग पांढराशुभ्र आणि शेपटीतून निघालेली दोन पिसे तारेसारखी बारीक असतात. ती बारमाही इथलीच आहे. माळभिंगरीचे कपाळ आणि गळा तांबूस असून गळ्याखाली निळ्या-काळ्या रंगाचा ठळक पट्टा असतो; शेपूट खोल दुभंगलेली असते. ही युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिकेत वीण करते, आपल्याकडे काश्मीर आणि हिमालयाच्या पट्ट्यातही घरांच्या छपराखाली करते, कोकणात करत नाही. आपण नुसते ‘भिंगऱ्या’ लिहिले, गळा कसा होता ते लिहिले नाही, आणि तेवढ्या आधारावर माझा लेख खोटा ठरवला. हे न्यायाचे नाही.

लेखातले छायाचित्र उजेडाविरुद्ध काढल्यामुळे गळ्याचा पट्टा त्यात नीट दिसत नाही, ही आपली तक्रार मी मान्य करतो. लेखाच्या लांबीविषयीच्या तक्रारीला उत्तर देण्यासारखे काही नाही.

‘एवढासा जीव हजारो मैल उडतो यावर कोण विश्वास ठेवणार’ हे वाक्य मात्र सोडता येत नाही, कारण त्यात या पक्ष्यावरच अन्याय होतो. हे पक्षी थंडीत बिळांत निपचित पडून राहतात, असे ॲरिस्टॉटलपासून कित्येक शतके विद्वान मानत आले. मग १९११ साली इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरमध्ये जॉन मेसफील्ड यांनी एका माळभिंगरीच्या पायात ओळखीसाठी कडे घातले, आणि डिसेंबर १९१२ मध्ये तीच दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात सापडली. अवघ्या वीसेक ग्रॅमचा पक्षी सगळा आफ्रिका खंड ओलांडून गेला होता. ज्याने हा प्रवास केला त्याला इथला म्हणून मोकळे होणे म्हणजे त्याचे सगळे कष्ट पुसून टाकणे आहे, आणि मला राग आला तो मुख्यतः याचा.

पुढल्या पावसाळ्यात पुलाखाली जाऊन गळ्याखाली पट्टा आहे की नाही ते पाहा आणि छायाचित्र पाठवा. पट्ट्याची माळभिंगरी घरट्यावर बसलेली दिसली, तर मी लेख दुरुस्त करीन. तोवर त्यातले एकही वाक्य मी बदलणार नाही.